वस्तादाची रिकामी जागा

विदर्भाच्या क्रिकेटला खेळाडू होते, मैदान होतं, दिल्ली-मुंबईपर्यंत वजन असलेले पदाधिकारी होते. वस्ताद नव्हता. साठ वर्षं ही जागा रिकामी राहिली. २०१७ साली ती एका तापट, करड्या माणसाने भरली आणि पुढच्या दोन हंगामांत विदर्भाने रणजी करंडक दोनदा उचलला. त्या दोन विजयांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. त्याआधीच्या रिकाम्या जागेबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मी अकोल्यात आयुष्यभर शारीरिक शिक्षणाचा मास्तर होतो, शिक्षण अमरावतीला झालं, म्हणून ही गोष्ट मला नागपूरच्या बाजूने सांगता येणार नाही. मी ती वऱ्हाडाच्या बाजूने सांगतो.

वऱ्हाडाला वस्ताद ही संस्था नवी नाही. गावात शाळा नसेल, दवाखाना नसेल, पण आखाडा असायचा. लाल माती बाहेरून आणायची, कारण आमची काळी माती त्या कामाची नाही. त्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवायची. पहाटे मारुतीला नमस्कार करून पोरं हौद्यात उतरायची. जोर, बैठका, मुद्गल, मलखांब, मग जोड. नागपंचमीला दंगल. आणि या सगळ्यावर एका माणसाची नजर. तो बहुतेक वेळा स्वतः उतारवयाचा, गुडघे गेलेला, पण आवाज शाबूत असलेला. फी नसे. गुरुपौर्णिमेला नारळ, सणाला धोतरजोडी, एवढीच त्याची कमाई.

आमच्या मोहल्ल्यातले वस्ताद फार बोलत नसत. चुकलं की नावाने हाक मारायचे आणि पुन्हा करायला लावायचे. तिसऱ्यांदा चुकलं की पूर्ण आखाड्यासमोर अशी खरडपट्टी काढायचे की मोठमोठे पहेलवान मान खाली घालून उभे राहायचे. पण त्याच पहेलवानाला ताप आला तर रात्री त्याच्या घरी काढा घेऊन जाणारेही तेच. कोणाच्या आईबापाने कधी त्यांच्या रागाची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. राग कशासाठी आहे हे सगळ्यांना समजत होतं. वस्तादाला पोराचं जिंकणं त्या पोरापेक्षाही जास्त हवं असायचं.

या गावठी परंपरेला शिस्तीचं, संस्थेचं रूप दिलं अमरावतीने. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. एका साध्या आखाड्यातून सुरू झालेली ही संस्था पुढे देशभरच्या शारीरिक शिक्षकांची शाळा झाली. इथल्या उन्हाळी वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून माणसं यायची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि हुतूतू, मलखांब असे आपले खेळ त्याने जगासमोर करून दाखवले. अमरावतीसारख्या कापसाच्या पेठेतून, पारतंत्र्याच्या काळात, लंगोट आणि मलखांब घेऊन माणसं बर्लिनपर्यंत जातात, ही गोष्ट मला अजूनही फार मोठी वाटते. मी मंडळात शिकत असताना त्या प्रवासाच्या गोष्टी आम्हाला जुने शिक्षक सांगायचे. सांगताना ते मलखांबाच्या उंचीबद्दल कमी आणि चमूला तयार करणाऱ्या शिक्षकांबद्दल जास्त बोलायचे. खेळाडू येतात-जातात, घडवणारा पक्का पाहिजे, हे त्या संस्थेच्या भिंतींतच मुरलेलं होतं.

एवढं सगळं ज्या मुलखाकडे होतं, त्याच मुलखाच्या क्रिकेटला मात्र वस्ताद मिळाला नाही. याचं कारण क्रिकेट आमच्याकडे वेगळ्या वाटेने आलं.

१९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. कापूस, रेल्वे, कचेऱ्या, वकील आणि साहेबांचे क्लब यांच्याबरोबर हा खेळ आला. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच हंगामात 'मध्य प्रांत व वऱ्हाड' नावाचा संघ होता. म्हणजे वऱ्हाडाचं नाव रणजीच्या पहिल्या पानावर आहे. पुढे प्रांतांची मोडतोड झाली, मध्य प्रदेश झाला, १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून रणजीत उतरला. १९६० ला महाराष्ट्र झाला तरी क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळाच राहिला. म्हणून आजही एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात.

आखाड्यात वस्ताद असतो, क्रिकेटमध्ये कप्तान असतो. साहेबांच्या खेळात कप्तानच सर्वेसर्वा. संघाबरोबर 'मॅनेजर' नावाचा एक गृहस्थ जायचा, पण त्याचं काम रेल्वेची तिकिटं, खोल्या, जेवणाचा भत्ता आणि यजमानांशी गोड बोलणं. फलंदाजाचा पाय कुठे पडतो हे पाहणं त्याच्या कामात नव्हतं. देशाच्या संघाचीही कित्येक वर्षं हीच तऱ्हा होती, तर विदर्भाचं काय सांगावं. खेळाडू स्वतःच शिकायचा, थोरल्या खेळाडूचं बघून शिकायचा, नाहीतर राहून जायचा.

वऱ्हाडातून तर राहून जाणारेच जास्त. आमची जमीन काळी, कसदार, कापसाला सोन्यासारखी. पण पावसात ती गुडघ्याएवढा चिखल करते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीवर गवताची खेळपट्टी सांभाळायची म्हणजे रोजचं पाणी, रोजचा रोलर आणि पगारी माळी पाहिजे. शाळांना ते कुठून परवडणार? आम्ही मॅटिंगवर खेळवायचो. मॅटिंगवर चेंडू सारखा, उंच उडतो. त्यावर शेर असलेला पोरगा गवताच्या विकेटवर पहिल्यांदा गेला की चेंडू खाली राहायचा आणि याची यष्टी उडायची. ही पोराची चूक नव्हे. त्याला कोणी सांगितलेलंच नसायचं.

आणि सगळं महत्त्वाचं क्रिकेट नागपुरात. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर, अमरावतीहून दीडशेच्या वर. नागपूरच्या गुजदर लीगमध्ये खेळलं तर नाव व्हायचं. त्यासाठी रात्रीची गाडी, कोणाच्या तरी नातेवाइकाकडे मुक्काम, घरून मिळालेले मोजके पैसे. मला एका पोराच्या वडिलांचं बोलणं आठवतं. शेतकरी माणूस, शाळेच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला, "गुर्जी, पोट्टं चांगलं खेळते, मले दिसते ना. पण नागपूरले त्याले नेईन कोन, अन् थितं त्याच्याकडं पाहीन कोन?" त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तो पोरगा पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. डावखुरा होता, त्याच्यासारखा सरळ बॅटीने खेळणारा पोरगा मी पुढे क्वचितच पाहिला.

नागपूरकडे मात्र मान होता. १९६९ साली न्यूझीलंडविरुद्धचा कसोटी सामना सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झाला. नागपूरचे एन. के. पी. साळवे १९८२ ते १९८५ या काळात भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. विश्वचषक इंग्लंडबाहेर काढून १९८७ साली भारत-पाकिस्तानात आणण्यामागे त्यांची जिद्द होती. पुढे शशांक मनोहर अध्यक्ष झाले, दोनदा. २००८ साली जामठ्याला नवं भव्य मैदान उभं राहिलं. देशाचं क्रिकेट चालवणारी माणसं आम्ही दिली, विश्वचषक आणला, आणि रणजीत मात्र आमचा संघ बराच काळ खालच्या प्लेट गटात. जगात ज्या संघाची कुणी दखल घेत नाही अशा संघाचे पाठीराखे असणं काय असतं, हे विदर्भाच्या माणसाला विचारावं.

२००८ च्या आसपास चित्र हळूहळू बदलू लागलं. वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव तुफान वेगाने आला आणि २०११ साली कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून थेट कसोटीत जाणारा तो पहिला. बाहेरचे अनुभवी खेळाडू बोलावले जाऊ लागले. तमिळनाडूचा बद्रीनाथ, कर्नाटकचा गणेश सतीश, आणि २०१५ पासून मुंबईचा वसीम जाफर. नागपुरात अकादमी उभी राहिली, जिल्ह्यांतली पोरं तिथे राहू लागली. माती तयार होत होती. पण संघ उपांत्यपूर्व फेरीच्या आसपास घुटमळायचा. जिंकत आलेला सामना हातून सोडायचा, आणि सोडल्यावर कोणाला फार दुःख झाल्यासारखं दिसायचं नाही. मला सगळ्यात जास्त तेच सलायचं.

इथे थोडं बाजूला जातो, कारण तापट माणसाला पहिल्यांदा संघ सोपवला की काय होतं हे इतर ठिकाणी पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये संघाचा मॅनेजर हाच मैदानावरचं सगळं ठरवणारा. तो स्वतः गणवेश घालून बसतो, कोणाला खेळवायचं, कोणाला काढायचं तोच ठरवतो, आणि पंचांशी भांडायला मैदानात धावतो. १९६९ साली मिनेसोटा ट्विन्स या संघाने बिली मार्टिन नावाच्या भडक डोक्याच्या माणसाला पहिल्यांदाच मॅनेजर केलं. त्याने पहिल्याच वर्षी ९७ सामने जिंकून संघाला गटात अव्वल आणलं. त्याच वर्षी त्याने स्वतःच्याच एका गोलंदाजाशी मारामारी केली, आणि हंगाम संपताच त्याला काढून टाकण्यात आलं. पुढे न्यू यॉर्क यँकीजने त्याला पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा दूर केलं. जिंकून देणारा आणि सहन न होणारा असा तो एकाच वेळी होता.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला. १९९० साली बिशनसिंग बेदी भारतीय संघाचे क्रिकेट मॅनेजर झाले. पोरांकडून ते सैनिकासारखा व्यायाम करून घ्यायचे, आणि त्यात खोट काही नव्हती. पण न्यूझीलंडमध्ये हार झाल्यावर त्यांनी संघाला समुद्रात बुडवावं असं जाहीरपणे म्हटलं. बेदी मोठे गोलंदाज, स्वच्छ माणूस, खेळावर जिवापाड प्रेम करणारा. तरी त्यांच्याकडचं ते पद फार टिकलं नाही. आमच्या वस्तादांनी असं कधी केलं नसतं. ते आखाड्यात झोडपायचे, पण दंगलीच्या गर्दीत आपल्या पोराला नावं ठेवायचे नाहीत. गर्दीत ते फक्त त्याच्या पाठीवर माती लावायचे. रागाची जागा कुठली, हे ज्याला कळतं तो वस्ताद.

चंद्रकांत पंडित विदर्भात आले तेव्हा नवशिके नव्हते. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेला हा यष्टिरक्षक पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळला होता. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर तो संघात होता. १९९९ साली मध्य प्रदेशचा कप्तान म्हणून रणजीच्या अंतिम सामन्यात बंगळूरला पहिल्या डावाची आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरला होता. प्रशिक्षक म्हणून २००२-०३ आणि २००३-०४ मध्ये मुंबईला, आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये मुंबईलाच त्यांनी रणजी जिंकून दिला. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि त्यानंतर मुंबईने त्यांचा करार पुढे चालवला नाही.

म्हणजे ते अनुभवी होते. पण विदर्भाने अशा प्रकारचा माणूस नेमण्याची ही पहिलीच वेळ होती, असं मी मानतो. याआधी प्रशिक्षक आले, चांगले आले, खेळ शिकवून गेले. पंडित मात्र संघाची सवय बदलायला आले. वेळेच्या, वागण्याच्या बाबतीत कोणाची गय न करणं ही त्यांची ख्याती त्यांच्या आधीच नागपुरात पोहोचली होती. सुरुवातीला खेळाडूंना त्यांची धास्ती वाटायची, हे खेळाडूंनीच नंतर उघडपणे सांगितलं. असा माणूस बोलावण्यासाठी पदाधिकाऱ्यांनाही हिंमत लागते. तापट प्रशिक्षक जिंकला तर श्रेय त्याचं, हरला तर नेमणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली जातात. विदर्भाने ती जोखीम घेतली आणि घेतल्यावर त्याच्या कामात हात घातला नाही. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला जास्त वाटतं.

नशीब असं की कप्तान फैज फजल होता. नागपूरचा, वर्षानुवर्षं विदर्भासाठी झिजलेला. त्याने २०१७-१८ च्या त्या हंगामात ९१२ धावा काढल्या. जाफरसारखा थोर फलंदाज खोलीत होता, ज्याला पंडितांची मुंबईची शाळा आतून ठाऊक होती. गोलंदाजांकडे सुब्रतो बॅनर्जी पाहत होते. रजनीश गुरबानी नावाचा इंजिनिअर झालेला पोरगा चेंडू दोन्हीकडे हलवत होता. गटात विदर्भ पहिला आला. सुरतला उपांत्यपूर्व सामन्यात केरळला ४१२ धावांनी हरवलं.

मग कोलकात्याचा उपांत्य सामना. मला विचाराल तर विदर्भाचं क्रिकेट तिथे बदललं. डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स. समोर कर्नाटक. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर संपला, कर्नाटकने ३०१ केल्या. जुना विदर्भ इथेच हातपाय गाळायचा. दुसऱ्या डावात त्यांनी ३१३ केल्या आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटकला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते एकेक करत जवळ येत गेले. विनयकुमार लढला, मिथुन लढला, श्रेयस गोपाल तर शेवटपर्यंत उभाच राहिला. आणि कर्नाटक १९२ वर बाद झालं. पाच धावांनी. गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत सात गडी घेतले, सामन्यात बारा. त्या शेवटच्या तासाभरात क्षेत्ररक्षकांच्या चेहऱ्यांकडे मी पाहत होतो. कोणाचे खांदे पडलेले नव्हते, कोणी नजर चुकवत नव्हतं. हरलो तर दुखेल, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. साठ वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती.

अंतिम सामना पुन्हा इंदूरच्या होळकर मैदानावर, २९ डिसेंबरपासून, दिल्लीविरुद्ध. वर्षभरापूर्वी याच मैदानावर पंडित मुंबईबरोबर हरले होते. उमेश यादव दक्षिण आफ्रिकेला भारतीय संघाबरोबर गेलेला. त्याच्या जागी कोण? अनुभवी माणूस घेणं सोपं होतं. घेतला एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे, अकोल्याचा, ज्याने त्याआधी प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नव्हता. रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण! त्याच्या हाती नवा चेंडू दिला गेला आणि दिल्लीचा एक सलामीवीर त्याने लवकरच परत धाडला. त्या दिवशी अकोल्यात चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. पोरं एकमेकांना सांगत होती, "आपला पोट्टा टाकून राह्यला ना बे!" मला त्या निवडीत वस्ताद दिसला. मोठ्या जोडीला लहान पोरगा उतरवायचा तर त्याच्या अंगात काय आहे ते आधी स्वतः चाचपलेलं असावं लागतं.

गुरबानीने पहिल्या डावात हॅटट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरी हॅटट्रिक. ध्रुव शोरीच्या १४५ धावांनंतरही दिल्ली २९५ वर थांबली. विदर्भाने ५४७ केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३, आदित्य सरवटेने ७९. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विदर्भ रणजी विजेता झाला. त्याच हंगामात विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालील पोरांनी कूचबिहार करंडकही जिंकला, आणि त्या अंतिम सामन्यात त्रिशतक ठोकणारा अथर्व तायडे अकोल्याचाच.

पुढच्या वर्षी पुन्हा. फेब्रुवारी २०१९, जामठा, सौराष्ट्र. सरवटेने चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली आणि सामन्यात अकरा गडी घेतले. ७८ धावांनी विजय. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने त्या हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या. लगेच इराणी करंडकही राखला. ते पुलवामाचे दिवस होते, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलेही दोन जवान त्यात गेले होते. फजलच्या संघाने बक्षिसाची रक्कम शहिदांच्या कुटुंबांना दिली. वऱ्हाडातल्या माणसांनी हे लक्षात ठेवलं आहे.

पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशला गेले आणि जून २०२२ मध्ये बंगळूरला, जिथे १९९९ साली कप्तान म्हणून ते हरले होते, तिथेच मुंबईला हरवून मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. कोलकात्याच्या आयपीएल संघात त्यांचा करडेपणा काही परदेशी खेळाडूंना रुचला नाही, असं त्यांच्यापैकी एकाने उघड बोलून दाखवलं. मला त्यात नवल वाटत नाही. दोन महिन्यांसाठी विमानाने येणारा, जगभर खेळून मोठा झालेला माणूस आणि पहाटे हौद्यात उतरणारा पोरगा यांना एकच वस्ताद मानवेल असं नाही. तरी २०२४ मध्ये पंडित प्रशिक्षक असतानाच कोलकात्याने आयपीएल जिंकली.

पंडित गेल्यावर विदर्भ पुन्हा जुन्या वाटेला लागेल, अशी मला भीती होती. तसं झालं नाही, आणि या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. २०२३-२४ मध्ये संघ अंतिम फेरीत मुंबईकडून हरला, पण ५३८ धावांचं अशक्य लक्ष्य समोर असताना पाचव्या दिवसापर्यंत झुंजला. वाडकरने शतक काढलं. २०२४-२५ मध्ये उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक घेतला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ गडी घेऊन रणजीतला विक्रम केला. प्रशिक्षक कोण होते? उस्मान गनी. बाहेरून आणलेले नव्हेत, विदर्भाच्याच क्रिकेटमधले. आता वस्ताद घरचा आहे.

आणि वऱ्हाडाची पोरं आता दिसतात. अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर वाढलेल्या दर्शन नळकांडेने २०२१ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध चार चेंडूंत चार गडी घेतले. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. २७ मे २०२५ रोजी लखनौला बंगळूरचा प्रभारी कप्तान म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून २२८ धावांचा पाठलाग त्याने पूर्ण केला आणि आठवड्याभरात त्याच्या संघाने पहिली आयपीएल जिंकली. अथर्वने २०२५ च्या इराणी करंडकात १४३ धावा काढून विदर्भाला पुन्हा जिंकून दिलं. ही पोरं एकाच पट्ट्यातून, एकाच उन्हातून आलेली आहेत.

पण अकोला आणि अमरावती ही जिल्ह्याची ठिकाणं. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथल्या पोरांना आजही मॅटिंगच मिळते आणि प्रशिक्षक म्हणून शाळेतला एखादा मास्तर, ज्याच्याकडे चार विषय आणि परीक्षेचं कामही असतं. पंडितांसारखा माणूस नागपुरात जे करू शकला ते त्याच्या हाती तयार पोरगा आला म्हणून. तो पोरगा तालुक्यात तयार व्हायचा असतो. एकेका तालुक्याला एक पगारी, पूर्ण वेळचा, खेळ जाणणारा आणि पोरांवर जीव असलेला प्रशिक्षक द्या, वर्षभर पाण्याची सोय असलेली एक गवताची खेळपट्टी द्या. आयपीएलच्या पैशाच्या काळात हा खर्च कोणालाही जड नाही. वऱ्हाडातल्या आमदारांनी, शिक्षण संस्थांनी आणि क्रिकेट चालवणाऱ्यांनी हे काम येत्या हंगामाआधी हाती घ्यावं, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.